एका सेल्फात

२ मार्च

आजपासून ट्रक माझ्या अखत्यारीत आला. या वाक्याने मला जो आनंद होतो आहे तो माझ्या वयाला शोभणारा नाही. परंतु ही दैनंदिनी अन्य कोणाच्या वाचनासाठी नसल्यामुळे तो नोंदवण्यास हरकत नसावी.

धाकट्या भावाचा मधमाश्यांचा व्यवसाय आहे. झाडे जिथे फुलतील तिथे पेट्या न्यायच्या, फुलोरा सरला की उचलून पुढच्या बागेत. संध्याकाळी माश्या परतल्या की दाराला जाळी लावून पेट्या बंद करतात आणि पहाटे ट्रकमधून हलवतात. गेल्या वसंतात भरलेला ट्रक पहाटे सुरूच झाला नाही. ऊन चढले, बंद पेट्यांत माश्या घाबरून तापल्या, मेण वितळले आणि दुपारपर्यंत एक तृतीयांश पेट्या मुक्या झाल्या. हे त्याने मला काल जेवताना, ताटाकडे पाहत सांगितले.

"ताई, एप्रिलात सगळ्याच्या सगळ्या पेट्या सफरचंदाच्या बागेत न्यायच्यात. परत तसं झालं ना, तर मी धंदा बंद करून मोकळा होईन. माझ्याच्याने ते पुन्हा बघवणार नाही. यंदा गाडीचं तू बघ."

मी 'पाहते' म्हणाले. डिझेलचा फवारा सिलिंडरमध्ये नेमक्या कोणत्या क्षणी शिरावा, या एका प्रश्नाला मी उमेदीची सगळी वर्षे दिली आहेत. प्रबंध लिहिला आहे. आणि सहकाऱ्याने दशांशचिन्हापुढचे आकडे 'सोयीसाठी' गाळले म्हणून संस्थेचा राजीनामाही दिला आहे. एका म्हाताऱ्या ट्रकला भिण्याचे मला काही कारण नाही.

३ मार्च

सकाळी निरीक्षण केले. किल्ली फिरवली की सेल्फ कण्हतो, इंजिन खोकते, ढगासारखा पांढरा धूर येतो आणि पुन्हा सामसूम. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. फवारा उशिरा शिरतो आहे. निदान इतके सोपे की थोडी निराशाच झाली.

आजवर ट्रक पाहणारे मिस्त्री भेटायला आले. मी विचारले, "टायमिंग कशावर लावता?"

"कानावर, मॅडम."

"आणि कान कोणत्या प्रयोगशाळेतून तपासून घेता?"

ते हसले. मग मी हसत नाही हे लक्षात येऊन थांबले.

५ मार्च

दिवसभराचे काम, परंतु काम म्हणावे असे. डिझेलच्या पंपावरची पहिल्या सिलिंडरची नळी सोडून तिच्या जागी हंसाच्या मानेसारखी वाकवलेली बारीक नळी बसवली. इंजिनाचे चक्र हाताने, केसाकेसाने फिरवत नेले. नळीतून डिझेलची धार येते, धारेचे थेंब होतात, थेंब रेंगाळतो आणि थांबतो. तो थांबला तो क्षण म्हणजे फवाऱ्याचा आरंभ. तिथे चक्रावरची खूण पाहायची. खूण निर्मात्याच्या पुस्तकातल्या अंशापेक्षा मागे होती, चांगली मागे. पंपाचे नट सैल करून पंप पुढे फिरवला, पुन्हा थेंब पाहिला, पुन्हा फिरवला. तिसऱ्या खेपेला थेंब आणि खूण एकमेकांना भेटले. हे दृश्य मी असंख्य वेळा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी मला देवळात गेल्यासारखे वाटते.

नट आवळल्यावर पंपाच्या पाटीवरून इंजिनावर सलग एक रेघ ओढली, म्हणजे कोणी पंप हलवल्यास रेघ तुटेल. रंग घरात नव्हता. भावजयीने तिच्या कपाटातली नखांना लावायची लाल बाटली दिली.

"ट्रकलाही नटायची हौस असते वाटतं," ती म्हणाली. मुलगी बरी आहे. शिस्त नाही.

६ मार्च

एका सेल्फात सुरू. धाकट्याने बॉनेटवर थाप मारून अंगणात चक्क उडी मारली. लहानपणी गणित सुटल्यावर मारायचा तशी. गणित मीच सोडवलेले असायचे.

१० मार्च

पीचच्या बागेत पहिली खेप गेली. धाकटा परतला तो एक डोळा सुजवून. मधपाळाला माश्यांनी डसावे ही मला व्यावसायिक ढिलाई वाटते. तसे बोलले नाही. चहा पिता पिता तो म्हणाला, "ताई, इंजिन जरा कडक वाजतंय गं."

मी त्याला ज्वलनातील दाबाचा आलेख काढून दाखवला. आवाज कडक वाटतो तो आजवर ढिला ऐकण्याची सवय झाल्यामुळे, हे समजावले. आलेखाची दुसरी बाजू काढत होते तेव्हा त्याचा चहा गार झालेला दिसला. "हो ताई. बरोबर आहे ताई," म्हणाला. समजूतदार आहे.

१३ मार्च

घरभर मेणाचा वास. स्वयंपाकघरात भावजय मोठ्या पातेल्यात तुटलेली पोळी वितळवत बसली होती. मी विचारण्याच्या आधीच म्हणाली, "नवी पोळी आहेत, ताई. मेण कोवळं असतं. गाडी खडखडली की चौकटीतून गळून पडतात. काल एका पेटीत राणीच चिरडली. सगळी पेटी वेड्यासारखी ओरडत होती." मग पातेले ढवळत, "तुम्ही एकदा मागे हौद्यात बसून या ना. नुसता पेटीला हात लावून बघा, म्हणजे कळेल."

"मी मालाबरोबर प्रवास करत नाही," मी म्हटले.

पेट्या बांधण्याची पद्धत सदोष आहे, पट्टे रुंद घ्यावेत, असे सुचवले. तिने मान हलवली. तिच्या मान हलवण्यावर फारसे विसंबू नये.

१६ मार्च

धाकटा अंगणात माझ्यामागे बराच वेळ घुटमळत होता. शेवटी म्हणाला, "ताई, समजा थोडं मागे घेतलं तर? दोनच अंश?"

"कोणत्या आधारावर?"

"आधार असा नाही… माश्या चिडतात गं."

"माश्यांच्या स्वभावाची तरतूद निर्मात्याच्या पुस्तकात नाही," मी म्हणाले. तो हसला, मीही हसले. घरात विनोदाला दाद देणारे माणूस असावे.

१९ मार्च

मी रोज न्याहारीला विचारते, "आज कशी सुरू झाली?" तो रोज उत्तर देतो, "एका सेल्फात, ताई." हा दिवसाचा सर्वांत समाधानाचा क्षण असतो.

असमाधानाच्या बाबी दोन. एक, भावजय रोज भल्या पहाटे पाणी चढवायची मोटर लावते. तिची घरघर थेट माझ्या उशीखालून येते आणि टाकी भरून पन्हाळीतून पाणी वाहत राहते. सांगितले तर "विसरते हो" म्हणते. रोज एकाच वेळी विसरणारे माणूस मी पाहिले नव्हते. दोन, ट्रक हल्ली अंगणात न लावता फाटकाबाहेर, रस्त्याच्या उतारावर लावतात. कारण विचारले तर भावजय म्हणाली, "अंगण झाडायला मोकळं लागतं." अंगण झाडलेले मला दिसले नाही.

२४ मार्च

रागात असताना लिहू नये, तरी लिहिते.

आज धाकटा बाजारात गेला असता सहज बॉनेट उघडले. लाल रेघ जागेवर होती, सलग होती. परंतु ती माझी नव्हती. माझी रेघ केसाएवढी असते. ही बोथट, मध्येच फुगलेली, घाईत ओढलेली. नळी लावून थेंब पाहिला. पंप मागे घेतलेला होता आणि वरून रेघ नव्याने रंगवलेली होती!

म्हणजे कोणीतरी माझे काम पुसून वर माझी सही ठोकली. रंगाची छटा हुबेहूब तीच. यावरून करणाऱ्याने किती विचारपूर्वक केले ते दिसते: बाजारात हिंडून तीच बाटली मिळवलेली असणार. 'कानावर' टायमिंग लावणारा या घराच्या ओळखीत एकच मनुष्य आहे.

पंप पुन्हा माझ्या खुणेवर आणला. रेघ पुन्हा ओढली. बाटली भावजयीच्या कपाटात नव्हती. तिच्या एप्रनच्या खिशात सापडली. वस्तू जागेवर ठेवण्याची सवय लागेल तो सुदिन.

२५ मार्च

मिस्त्रींना बोलावून सर्वांदेखत विचारले. मी आवाज चढवला नाही. मला त्याची गरज पडत नाही.

"माझ्या पंपाला हात कोणी लावला?"

मिस्त्रींनी धाकट्याकडे पाहिले. धाकटा चपलेच्या अंगठ्याशी काहीतरी करत होता. भावजय आत निघून गेली.

"तुम्ही म्हणता तसं, मॅडम," मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे तुम्ही?"

"तसंच धरा."

कबुलीतसुद्धा नेमकेपणा नाही! फाटकाच्या आत पुन्हा पाऊल ठेवू नये असे सांगितले. ते पिशवी उचलून गेले. जाताना धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला, हे मला उद्धटपणाचे वाटले. अपराधी माणूस उलट आपल्याच मालकाचे सांत्वन करतो!

धाकटा जेवला नाही. जुन्या माणसाचा विश्वासघात त्याला लागला असणार. मी त्याला म्हटले, "वाईट वाटून घेऊ नकोस. माणसाची पारख व्हायला वेळ लागतो." तो उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ हातच धूत राहिला.

२ एप्रिल

मेणाचा वास थांबला आहे. पोळी तुटत नाहीत. भावजय परवा चक्क गुणगुणत होती. रुंद पट्ट्यांची माझी सूचना अखेर अमलात आणलेली दिसते. श्रेय दिले नाही, अपेक्षाही नव्हती.

"आज कशी सुरू झाली?"

"एका सेल्फात, ताई."

कारण दूर केले की परिणाम उरत नाही. मिस्त्री गेल्यापासून मी बॉनेट उघडलेले नाही. विश्वास ठेवायचा तर पूर्ण ठेवावा.

९ एप्रिल

उद्या पहाटे सफरचंदाच्या बागेकडे. सगळ्या पेट्या एकाच खेपेत. बागायतदाराने धाकट्याला निरोप पाठवला आहे: फुले वाट पाहत नाहीत, यंदा चुकलात तर पुढच्या वर्षी दुसरा मधपाळ.

आम्ही तिघे दुपारीच पेट्या ठेवलेल्या माळावर आलो. ट्रक कुठे लावायचा यावरून धाकट्याने विचित्र हट्ट धरला. त्याला तो टेकाडावर लावायचा होता.

"टेकाडावर भरलेल्या पेट्या एका अंगाला झुकतील," मी म्हटले.

"झुकू दे गं, ताई."

"झुकू दे? सगळं वर्ष या एका खेपेवर आहे आणि तू झुकू दे म्हणतोस?"

त्याने भावजयीकडे पाहिले. ती म्हणाली, "ताई, एकदा तरी त्यांचं ऐका ना हो." मी सपाटीवरच लावायला लावला. अंधार पडता पडता जाळ्या लावून पेट्या चढवल्या. भरलेल्या ट्रकजवळ उभे राहिले की लांबवर पाऊस पडत असल्यासारखा आवाज येतो. सुंदर आहे, हे मान्य केले पाहिजे.

१० एप्रिल

जे घडले ते क्रमाने लिहिते.

पहाटे थंडी होती. धाकट्याने किल्ली फिरवली. सेल्फ कण्हला, इंजिन खोकले, पांढरा धूर. पुन्हा किल्ली, पुन्हा धूर. मी म्हटले, "थांब, बॅटरी उतरेल." तो थांबेना. पूर्वेला उजाडू लागले होते आणि पेट्यांतला पावसाचा आवाज हळूहळू गारांच्या आवाजाकडे जात होता. भावजय हौद्यात चढून ओली पोती पेट्यांवर टाकत होती. "ढकलूया का?" ती वरून म्हणाली, आणि मग माझ्याकडे पाहून पुन्हा पोत्यांकडे वळली. सपाटीवर, भरलेला ट्रक, तीन माणसे.

पांढरा धूर पाहिला तेव्हाच मला कळले होते. तरी बॉनेट उघडून कंदील धरला. रेघ सलग होती. बोथट, फुगीर, घाईत ओढलेली.

मी म्हटले, "मिस्त्री इथे येऊन गेले?"

धाकटा खाली उतरला. "मिस्त्री नाही, ताई. मी."

"आज?"

"आज नाही. त्या… त्या वेळीपण मीच. पहिल्यांदा मीच, नंतर पण मीच. मिस्त्रींना मी गप्प राहायला सांगितलं होतं."

"आणि रोज एका सेल्फात?"

हौद्यातून भावजय म्हणाली, "उतारावरून, ताई. आम्ही दोघं ढकलायचो. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून मी मोटर लावायची."

पन्हाळीतून वाहणारे ते सगळे पाणी माझ्या डोळ्यांपुढे आले.

रागावायला वेळ नव्हता. मी पाना घेतला, नट सैल केले, पंप माझ्या खुणेवर पुढे आणला. नळी लावून थेंब पाहणे शक्य नव्हते. खूण मला पाठ आहे. "सेल्फ मार," म्हटले. उरल्यासुरल्या बॅटरीवर इंजिन एका सेल्फात धडधडून उठले. माझे टायमिंग होते ते. मी लावलेले, पुस्तकातले, निर्दोष.

आणि पेट्या किंचाळू लागल्या.

दुसरा शब्द नाही. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हौद्याची लोखंडी पाटी थरारत होती आणि त्या थरथरीवर तो आवाज चढत चालला होता. भावजय एका पेटीला कान लावून वाकली होती. धाकट्याने माझ्या हातातला पाना काढून घेतला. मागितला नाही, काढून घेतला. इंजिन चालू असतानाच त्याने नट पाऊण सैल केले, एका हाताने पंप घट्ट धरला आणि अगदी सावकाश मागे घेऊ लागला. वर भावजयीने एक हात उंच धरला होता.

"थोडं," ती म्हणाली. "अजून थोडं. अजून… बस्स."

हात खाली आला. इंजिनाचा ठोका मऊ झाला होता. पेट्यांतला आवाज उतरत उतरत पुन्हा लांबच्या पावसासारखा झाला. त्याने नट आवळले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलेही नाही. पाहण्याची गरज नव्हती. त्यांच्या हालचालीत सराव होता. माझ्या पंपावर, माझ्या रेघेवर, माझ्या पाठीमागे केलेला सराव.

तापलेले इंजिन आता बंद करायचे नव्हते. धाकटा स्टिअरिंगपाशी बसला. भावजय खाली उतरून माझ्याजवळ आली. "ताई, चला ना. पुढे बसा."

"मी मालाबरोबर प्रवास करत नाही," मी म्हटले.

ट्रक गेला. मी डिझेलने माखलेले हात घेऊन माळावर उभी राहिले. मग एका दूधवाल्याच्या गाडीतून, कासंड्यांच्या शेजारी बसून घरी आले.

११ एप्रिल

निरोप आला: पोहोचले. पेट्या जिवंत, पोळी शाबूत. फुलोरा सरेपर्यंत दोघे तिथेच राहणार. मी 'बरे' एवढेच कळवले.

मला संसार नाही, आहे तो हा एकच भाऊ; आणि त्याने मला स्वतःच्या घरात ठेवून, रोज न्याहारीला माझ्या तोंडावर खोटे बोलावे! आणि हे पाप एकट्याचेही नाही. बायको मोटर लावते. मिस्त्री माझ्याकडून अपमान करून घेतो, पण तोंड उघडत नाही. सगळे माझ्याविरुद्ध इतक्या प्रेमाने एकत्र आलेले मी प्रथमच पाहिले.

प्रश्न किती साधा होता! त्यांचे मऊ टायमिंग तसेच ठेवून, आत जाणारी हवा तापवणारी एक तार बसवली की थंडीत गाडी सुरू होते आणि माश्याही शांत राहतात. एका दिवसाचे काम. मला फक्त कळायला हवे होते. तिघांपैकी कोणीही, एकदा, एका वाक्यात सांगायला हवे होते. मला अप्रिय सत्य ऐकून घेता येत नाही, असा समज या लोकांनी कशाच्या आधारावर करून घेतला ते मला उमगत नाही.

१५ एप्रिल

हीटर तयार केला. धाकट्यासाठी नव्हे; काम अर्धवट ठेवण्याची मला सवय नाही. तारेचे वेटोळे तीन वेळा मोडून पुन्हा घातले.

बागेपर्यंत नेणार कोण? मिस्त्रींकडे जावे लागले. त्यांच्या दुकानात बसायला एक टायर आणि एक खुर्ची आहे. त्यांनी खुर्ची पुसून दिली. मी म्हटले, "त्या दिवशी तुम्ही बोलला असतात तर मी तुम्हाला फाटकाबाहेर काढले नसते. मी स्पष्ट विचारले होते."

"तुम्ही विचारलं नव्हतं, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं."

या उत्तरातला तर्क मला सदोष वाटतो. त्यांनी चहा मागवला. मी प्याले.

हीटर पिशवीत घालताना त्यांनी विचारले, "काही निरोप द्यायचा?"

"बसवण्याच्या सूचना आत लिहिल्या आहेत."

"तसं नाही. घरच्यांना म्हणून."

मी म्हटले, सूचना पुरेशा आहेत.

१८ एप्रिल

घर फार शांत आहे. पहाटे मोटरच्या आवाजाशिवाय जाग येत नाही.

२१ एप्रिल

धाकट्याचा फोन आला. बागायतदार खूश आहे, पुढच्या वर्षाचे आत्ताच बोलून ठेवले. पेट्या भरभरून आहेत. भावजयीने माझ्यासाठी पहिल्या मधाची बरणी बाजूला काढली आहे. मिस्त्री दोन दिवस राहून हीटर बसवून गेले.

"ताई, ऐकतेयस ना?"

"सकाळी कशी सुरू होते?" मी विचारले.

"एका सेल्फात, ताई."

तेच शब्द. तोच सूर, तीच किंचित घाई. हिशेबाने ते खरे असायला हवे. तारेची उष्णता, हवेचे तापमान, सगळे मी मांडून पाहिले आहे. वाक्य खरे असताना कसे ऐकू येते, हे मात्र मला माहीत नाही. मी ते आजवर खोटे असतानाच ऐकलेले आहे.

"फोन इंजिनापाशी धर," मी म्हटले. "आणि सुरू करून दाखव."

"आत्ता? आत्ता नको गं. माश्या फुलांवर आहेत, गाडी त्यांच्या मधोमध उभी आहे. चिडतील."

"उतारावर उभी आहे?"

तो हसला, मला वाटते, क्षणभर उशिराने.

"ताई, अगं, अख्खी बागच उतारावर आहे."

तेही खरे असू शकेल. सफरचंदाच्या बागा बहुधा उतारावरच असतात.